‘पूर्णविराम’ म्हटलं की ‘पूर्णविराम’च येतो

बोलून लिहिण्याची पहिली पायरी सोपी आहे, फसगत तिथेच होते. क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडायचं, टूल्समधून व्हॉइस टायपिंग घ्यायचं, माइकच्या चित्रावरच्या यादीत मराठी निवडायची आणि चित्रावर टिचकी मारायची. ते लाल झालं की बोला.

आपण ऐटीत म्हणतो, ‘पाऊस थांबला पूर्णविराम’. पडद्यावर उमटतं, ‘पाऊस थांबला पूर्णविराम’. इंग्रजीत ‘पीरियड’ म्हटलं की टिंब पडतं; मराठीत यंत्र दिलेला शब्द पाळतं. उपाय आहे. सगळं सांगून झाल्यावर कंट्रोल आणि एच दाबायचं, शोधायच्या चौकटीत आधी एक मोकळी जागा, मग ‘पूर्णविराम’, बदलायच्या चौकटीत नुसतं टिंब, आणि ‘रिप्लेस ऑल’. मोकळी जागा विसरलात तर प्रत्येक टिंब शब्दापासून फटकून बसतं. स्वल्पविरामाचंही तसंच. मात्र ही युक्ती करणाऱ्याने ‘अखेर या वादाला पूर्णविराम मिळाला’ छापाची वाक्यं सोडावीत. ‘अखेर या वादाला. मिळाला’ असं छापून येतं. पत्रकारांची अडचण होईल. वाचकांची होईल असं मला वाटत नाही.

ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळतं, ही शाळेतली समजूत. बोलण्याच्या भरात ‘शिर’ आणि ‘शीर’ आपण एकाच मापाने काढतो. यंत्र शेजारचे शब्द बघून अंदाज बांधतं, म्हणूनच लिहिलेला शब्द मागाहून बदलतं. तोडून बोललं की तो शेजारच नाहीसा होतो. १९९० सालच्या ‘ड्रॅगन डिक्टेट’ या बोललेलं उतरवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागायचं; १९९७ साली सलग बोलणं समजणारा ड्रॅगन आला. आपण मात्र अजून परक्या पाहुण्याला ठाण्यातला पत्ता सांगावा तसं बोलतो: तीन. हात. नाका. ते बिचारं ‘३ हात नाका’ लिहितं.

म्हणजे अख्खं वाक्य मनात जुळवून एका दमात सांगायचं. खरी गोची ही. वाक्य सुरू करून क्रियापद वाटेत शोधायची आपली सवय लिहिताना खपून जाते. बोलताना ‘ते हे’, ‘काय म्हणतात त्याला’ निघतं आणि यंत्र तेही इमानेइतबारे उतरवतं.

उरला गोंगाट. माइक ओठांसमोर नको, गालाच्या बाजूला दोन-तीन बोटांवर हवा. समोर धरला की ‘फ’ आणि ‘भ’ची फुंकर त्यावर आदळते. ब्लूटूथपेक्षा तारेचा बरा, कारण ब्लूटूथचा माइक सुरू झाला की आवाजाचा दर्जा टेलिफोनच्या पातळीला उतरतो. तार शर्टाला घासू देऊ नये. घोडबंदर रोडकडे तोंड असलेल्या खिडक्यांत हॉर्न असतात. आतल्या सोसायट्यांत भंगारवाल्याचा कर्णा, आणि त्याचे उच्चार आपल्यापेक्षा स्वच्छ असल्याने तो थेट लेखात जातो. पावसाळ्यात पत्र्यावरचा ताशा. पंखा बंद ठेवावा. ठाण्याच्या मे महिन्यात लेख आपोआप आखूड होतात. स्वयंपाकघराचं दारही लावून घ्यावं. कुकरची शिट्टी यंत्र सोडून देतं, पण ‘किती झाल्या गं?’ सोडत नाही.

तपासताना मजकूर मोठ्याने वाचायची सवय असेल, तर आधी ते चित्र लाल नाही ना, एवढं पाहावं. नाहीतर लेख दुप्पट होतो, आणि दुसऱ्या प्रतीतल्या चुका वेगळ्या असतात.