लिंकनचं ते पत्र लिंकनचं नाही

शिक्षक दिन जवळ आला की ते पत्र हमखास येतं. शाळेच्या ग्रुपवर येतं, फळ्यावर सुवाच्य अक्षरात उतरतं, हेडसरांच्या खोलीत तर ते फ्रेममध्येच असतं. अब्राहम लिंकनने आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र. कष्टाची कमाई फुकट मिळालेल्या पैशापेक्षा मोलाची असते हे त्याला शिकवा, कॉपी करून पास होण्यापेक्षा नापास होणं बरं हे शिकवा, गर्दीच्या मागे धावू नको असं सांगा. वसंत बापटांनी त्याचा मराठी भावानुवाद केला आणि महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांना ते तोंडपाठ झालं. मीही सातवीत असताना पाठांतर स्पर्धेत ते म्हटलं होतं आणि बक्षिसाची वही बरीच वर्षं जपून ठेवली होती. म्हणूनच हे लिहिणं मला जड जातंय. पण हे पत्र लिंकनने लिहिलेलं नाही. असं म्हटलं की जी उत्तरं येतात, ती एकेक घेऊन बोलतो.

“मुलगा पहिल्यांदा शाळेत निघाला तेव्हा लिहिलं होतं.”

कोणता मुलगा? लिंकनला चार मुलगे झाले. रॉबर्ट १८४३ चा, एडी १८४६ चा, विली १८५० चा आणि टॅड १८५३ चा. एडी चार वर्षांचाही झाला नव्हता तेव्हाच गेला. विली आणि टॅड व्हाइट हाउसमध्ये राहायला आले, तिथे त्यांना शिकवायला घरी शिक्षक येत. पत्रात ना मुलाचं नाव, ना शाळेचं, ना गुरुजींचं. इंग्रजी पाठात तर बहुतेक ठिकाणी हेडमास्तरही नाहीत, साधे शिक्षक आहेत. काही पाठांखाली १८३० साल छापलेलं असतं. त्या साली लिंकन एकवीस वर्षांचा होता, त्याचं लग्नच झालं नव्हतं. लग्न झालं १८४२ च्या नोव्हेंबरात.

लिंकनची खरी पत्रं पाहिली की पहिल्या ओळीतच फरक कळतो. वर गाव आणि तारीख, मग ‘माय डिअर वाइफ’ किंवा ‘माय डिअर जॉर्ज’, आणि लगेच मुद्दा.

“खासगी पत्र होतं, त्याची नोंद कशी राहणार?”

हा दावा ऐकायला रास्त वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. लिंकनची घरगुती पत्रं राहिली आहेत, आणि इतकी बारीकसारीक की वाचताना आपण चोरून कुणाच्या घरात डोकावतोय असं वाटतं. १८४८ च्या एप्रिलमध्ये तो काँग्रेसचा सदस्य म्हणून वॉशिंग्टनला एकटा राहत होता. तिथून तो बायकोला, मेरीला, लिहितो की तू इथे होतीस तेव्हा कामात तुझी थोडी अडचण होते असं वाटायचं, आता नुसतं कामच उरलंय तर ते अगदी बेचव झालंय. त्याच पत्रात तो एडीसाठी चौकड्यांचे मोजे शोधायला बाजारात गेल्याचं सांगतो. एका दुकानदाराने धंदाच बंद केलाय, दुसऱ्याकडे तू सांगितलेस तसे नाहीत, एडीच्या ‘लाडक्या इवल्या पायांना’ येईल असा एकच जोड दिसला, उद्या सकाळी पुन्हा बघतो.

दुसरं पत्र ८ ऑगस्ट १८६३ चं. अमेरिकेच्या यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई होऊन जेमतेम महिना झालेला, मेरी आणि टॅड बाहेरगावी. राष्ट्राध्यक्ष बायकोला आधी हिशेब देतात: पैसे सरकारी खजिन्यात पाच टक्क्यांनी ठेवलेत, तीस दिवसांची सूचना दिली की काढता येतील. आणि मग टॅडसाठी वाईट बातमी. त्याची शेळी हरवली आहे. तुम्ही गेलात त्या दिवशी ती टॅडच्या पलंगावर मधोमध बसून रवंथ करताना सापडली होती. फुलांची नासाडी करते म्हणून माळी सारखी तक्रार करत होता, म्हणून तिला व्हाइट हाउसला आणलं, तर दुसऱ्या दिवशी गायब. अजून पत्ता नाही.

त्याच वर्षी जूनमधली एक तारही आहे. मेरी आणि टॅड तेव्हा फिलाडेल्फियात होते. टॅडचं पिस्तूल काढून ठेवलेलं बरं, मला त्याच्याबद्दल वाईट स्वप्न पडलं, एवढाच मजकूर.

मोज्यांचा जोड, शेळी आणि स्वप्न टिकून राहिलं. रॉबर्टने वडिलांचे कागद जिवापाड सांभाळले, अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाला दिले, आणि त्याच्या अटीप्रमाणे त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, १९४७ साली, ते सगळ्यांसाठी खुले झाले. १९५३ मध्ये रॉय बास्लर यांच्या संपादनाखाली लिंकनचं समग्र लेखन खंडांमध्ये छापलं गेलं. दोन ओळींच्या तारा, चिठ्ठ्या, शेरे, सगळं त्यात आहे. हेडमास्तरांचं पत्र नाही.

“भाषा तर त्याचीच वाटते.”

मराठीत जी भाषा आपल्याला भावते ती बापटांची आहे, लिंकनची नव्हे. इंग्रजी पाठात सगळे ‘बँडवॅगन’वर चढत असताना मुलाने वाहवत जाऊ नये, असं म्हटलंय. बँडवॅगन म्हणजे सर्कशीच्या मिरवणुकीत वाजंत्र्यांना घेऊन जाणारी गाडी. जिकडे सरशी तिकडे धावणं या अर्थाने तो शब्द अमेरिकी राजकारणात रुळला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. लिंकनचा खून १८६५ साली झाला.

“असा बापच असं पत्र लिहू शकतो.”

मला तर उलट वाटतं. लिंकन मुलांना मोकळं सोडणारा बाप होता, इतका की त्याचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन त्या पोरांनी ऑफिसात घातलेल्या धुडगुसाने वैतागून जायचा. वडील गेले तेव्हा टॅड बारा वर्षांचा होता आणि त्याला धड वाचता येत नव्हतं. मुलाला पोलादासारखं तावून सुलाखून घ्या असं मास्तरांना बजावणारा माणूस हा नव्हे. हार्वर्डला शिकणाऱ्या रॉबर्टला त्याने जुलै १८६३ मध्ये केलेली एक तार आहे. तिचा अर्थ एवढाच: तुझी काहीच खबर का नाही?

“खोटं असलं म्हणून काय झालं, संदेश तर चांगला आहे ना?”

शेवटी सगळे इथेच येऊन थांबतात, आणि माझा खरा विरोध याला आहे.

पहिलं म्हणजे हे पत्र आपण देतो ते मुलांना, आणि त्यात सांगतो की फसवू नका. मग खाली खोटी सही कशी चालेल? दहावीतल्या एखाद्या हुशार मुलीने उद्या फोनवर दोन मिनिटं शोधलं आणि सरांना विचारलं, तर सरांनी काय सांगायचं?

दुसरं म्हणजे या पत्रामुळे खरा लिंकन आपल्यापर्यंत पोचतच नाही. कष्टाच्या कमाईबद्दल त्याने खरंच लिहिलंय, तेही घरच्या माणसाला. सावत्र भाऊ जॉन जॉन्स्टन याने ऐंशी डॉलर मागितले होते. १८४८ च्या डिसेंबरातल्या त्या उत्तरात लिंकन सरळ नाही म्हणतो. तू आळशी नाहीस, पण रिकामटेकडा आहेस, असं तोंडावर सांगतो. आणि पुढे तोडगा देतो: आजपासून एक मेपर्यंत दुसऱ्याकडे राबून तू जेवढे डॉलर कमावशील, तेवढेच मी माझ्या खिशातून घालीन. तो उपदेश करून थांबत नाही, स्वतःचे पैसे पणाला लावतो.

त्याच भावाला लिहिलेलं १२ जानेवारी १८५१ चं पत्र वाचताना मात्र घशात आवंढा येतो. वडील मरणाच्या दारात आहेत. लिंकन कळवतो की बायको बाळंतपणामुळे अंथरुणावर आहे. मग वडिलांना सांगायला सांगतो की आत्ता आपण भेटलो तर त्यात सुखापेक्षा दुःखच जास्त होईल की काय, अशी शंका वाटते. पाच दिवसांनी थॉमस लिंकन गेले. मुलगा भेटायला गेलाच नाही. बापलेकांमध्ये काय होतं हे त्या एका वाक्यातून जेवढं कळतं, तेवढं फ्रेममधल्या सगळ्या ओळी मिळून कळत नाही.

आणि नापास होण्याबद्दल? तेही आहे. रॉबर्ट स्वतः १८५९ साली हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाला होता. पुढच्या वर्षी तो पास झाला, पण त्याचा मित्र जॉर्ज लॅथम राहिला. लिंकन तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार होता, देशभरातून माणसं भेटायला येत होती. अशा धामधुमीत २२ जुलै १८६० रोजी त्याने त्या पोराला स्वतः पत्र लिहिलं. तू नापास झालास हे कळून जेवढं वाईट वाटलं तेवढं आयुष्यात क्वचितच वाटलं असेल, असं म्हणतो. पण खचला नाहीस तर यात फारसं काही नाही. प्रयत्न सुरू केलायस ना, मग यश मिळवलंच पाहिजे. ‘मस्ट’ हाच शब्द. आणि शेवटी: जे सहज आत गेले त्यांच्यातल्या अनेकांपेक्षा तू जास्त चांगला विद्वान होणार नाहीस, असं या तात्पुरत्या अपयशातून मुळीच सिद्ध होत नाही. ज्याचं स्वतःचं सगळं शालेय शिक्षण मिळून एक वर्षही भरलं नव्हतं, त्या माणसाने हे लिहिलंय.

बारावीचा निकाल लागतो त्या दिवशी हे पत्र वाचून दाखवा. मी गेल्या वर्षी घरात वाचलं. भाचा पुढ्यातलं ताट तसंच ठेवून ऐकत होता. वाचून झाल्यावर तो म्हणाला, मामा, मला ते पाठव.

हेडसरांच्या खोलीतली फ्रेम उतरवू नका. बापटांची ती कविता आहे, आणि सुंदर आहे. फक्त खालचं लिंकनचं नाव काढा आणि तिथे बापटांचं घाला.