हवामान बदलामुळे रोग वाढतात, एवढंच म्हणून थांबू नका

हवामान बदलामुळे रोगराई वाढतेय हे आता सगळेच बोलतात आणि ते खरंच आहे, पण सगळं खापर उन्हापावसावर फोडलं की माणसांनी काय करायचं सोडून दिलं हे कुणी विचारतच नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

सैबेरियातलं यामाल घ्या. 2016 च्या उन्हाळ्यात तिथं पारा 35 अंशांपर्यंत गेला, कायम गोठलेली जमीन वरून वितळली आणि कधीकाळी मेलेल्या जनावरांच्या अवशेषांतून अँथ्रॅक्सचे जंतू मोकळे झाले असं मानतात. दोन हजारांवर रेनडिअर मेले, 12 वर्षांचा एक मुलगाही गेला. बातम्या सगळ्या बर्फाच्या! पण तिथं रेनडिअरना लस देणं 2007 मध्येच बंद केलं होतं, का तर 1941 नंतर साथच आली नव्हती. म्हणजे जंतू उष्णतेनं बाहेर काढले, पण त्यांना रान मोकळं करून दिलं माणसांनी.

डेंग्यूचंही तेच. गरमी वाढली की विषाणू डासाच्या अंगात लवकर तयार होतो, हे पक्कं. पण पाऊस नसतानाही डेंग्यू वाढू शकतो, कारण नळाला पाणी नसलं की लोक पिंपं भरून ठेवणार आणि एडिस डासाला तेवढंच लागतं. मग नुसती फवारणी करून काय होणार, रोज पाणी द्या ना.

आणि हे जमतं हो. 2003 च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे 15,000 माणसं गेली, बहुतेक म्हातारी, त्यातली कितीतरी एकटी राहणारी. त्यानंतर तिथं आधी इशारा देणं, एकट्या वृद्धांच्या याद्या करून चौकशी करणं वगैरे सुरू झालं. 2006 ला पुन्हा मोठी लाट आली तेव्हा अंदाजापेक्षा सुमारे 4,400 मृत्यू कमी झाले. ऊन काही प्रेमळ झालं नव्हतं.

कार्बन कमी करायलाच हवा, त्यात वादच नाही. पण त्याचा परिणाम दिसायला वर्षानुवर्षं जाणार आणि तोवर माणसं आजारी पडतच राहणार. म्हणून हवामानाच्या निधीत लस, पाणी आणि घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविकांचा पगार पहिल्यांदा धरा, ते आरोग्य खातं बघेल म्हणून बाजूला सारू नका.