मी म्हटलंच होतं!

गेल्या मंगळवारी रात्री आमच्या आगरातला एक माड वाऱ्याने मांगरावर आडवा झाला. दोन वासे मोडले, कौलांचा चुरा झाला. गाय पुढच्या पडवीत होती म्हणून वाचली. सकाळी सात वाजता मी शिडीवर. तोंडात सुतळी, एका हातात ताडपत्रीचं टोक, पाठीवर पागोळी. खाली शेजारचे काका हात मागे बांधून उभे. माडाकडे बघत म्हणाले, "मी म्हटलंच होतं."

काका काहीही म्हटले नव्हते. त्या माडाबद्दल त्यांनी आजवर एकच उद्गार काढलाय, "शहाळी गोड आहेत हो." पण चहा पिऊन ते गेले तोवर पाखाडीच्या खालपर्यंत बातमी पोचली होती की काकांना आधीच दिसलं होतं. तेव्हा वाचकहो, तुम्हीही या भाकितांच्या धंद्यात उतराच. भांडवल लागत नाही.

पहिलं पथ्य म्हणजे तारीख देऊ नका. नॉस्ट्राडेमस नावाच्या फ्रेंच भविष्यवाल्याने 1555 पासून चार-चार ओळींची पद्यं छापली, त्यात आग आहे, युद्ध आहे, रोगराई आहे, राजे मरताहेत. हे सगळं कुठे ना कुठे रोज चालूच असतं. त्याचा 'हिस्टर' म्हणजे डॅन्यूब नदीचं जुनं नाव. लोकांनी एक-दोन अक्षरं बदलून त्याचा हिटलर केला, म्हाताऱ्याला काही करावंच लागलं नाही. एकदाच त्याचा तोल गेला आणि त्याने लिहून टाकलं की 1999 च्या सातव्या महिन्यात आकाशातून भयाचा राजा येईल. त्या जुलैत आमच्याकडे आकाशातून पाऊस आला. दरवर्षी येतो.

दुसरं, एक भाकीत करू नका, पन्नास करा. 1900 सालच्या डिसेंबरात वॉटकिन्स नावाच्या अमेरिकन लेखकाने पुढच्या शंभर वर्षांत काय काय होईल याची यादी एका मासिकात छापली. बिनतारी फोनवरून जगभर बोलता येईल, फोटो दूरवर पाठवता येतील. वा! हे लोक अजून सांगतात. त्याच यादीत डास आणि माश्या नाहीशा होतील असंही आहे. उंदीर संपतील, रानटी जनावरं फक्त प्राणिसंग्रहालयात उरतील, इंग्रजीतून सी, एक्स आणि क्यू ही अक्षरं जातील, हेही आहे. गृहस्थाला आमच्या ओटीवर एक रात्र मच्छरदाणीशिवाय निजवायला हवं होतं. सकाळी डुकरांनी उकरलेला सुरण दाखवला असता, आणि दहाच्या सुमाराला वानरांची टोळी येतेच.

तिसरं, चुकलेला भाग कोणी वाचत नाही यावर विश्वास ठेवा. कादंबरीकार ज्यूल व्हर्नने 1865 मध्येच तीन माणसं फ्लोरिडातून चंद्राकडे धाडली आणि कथेच्या पुढच्या भागात परत येताना पॅसिफिकमध्ये उतरवली, 1969 ला तसंच झालं, असं सांगताना डोळे पाणावतात. त्याने ती तोफेतून उडवली होती, हे सांगायचं नाही. त्या दणक्याने तिघांचं जागीच पिठलं झालं असतं.

मोठ्या विद्वानांना तर मुळीच घाबरू नका. केन्स हा इंग्रज अर्थशास्त्रज्ञ 1930 मध्ये म्हणाला की शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. 2030 फार लांब नाही, पोफळी शिंपणाऱ्याला कोणीतरी कळवा.

पावसाबद्दल बोलायचं तर पंचांगात नक्षत्राचं वाहन बघा. म्हैस असो की मोर, कुठे ना कुठे तसा पडतोच.

मुंबई-गोवा महामार्ग कधी पुरा होणार याबद्दल फक्त 'या गणपतीला' म्हणा.

मात्र सगळ्यात मोठं पथ्य पुढे आहे. जो तारीख, वेळ आणि ठिकाण देऊन सांगतो, त्याची टर उडवा. 2020 साली हवामान खात्याने सांगितलं होतं की 3 जूनला दुपारी, हरिहरेश्वर ते दमणच्या मध्ये, अलिबागजवळ चक्रीवादळ किनाऱ्याला लागेल. वाऱ्याचा वेग ताशी 100 ते 110 किलोमीटर, झोत 120 पर्यंत. काळं कुत्रं तरी हललं का आमच्या वाडीत? पारावर जोक झाले. "खातं पाऊस सांगतं तेव्हा वाळवण घालायचं असतं." आणि 3 जूनला दुपारी, अगदी दुपारीच, श्रीवर्धन-दिवेआगरला ते 'निसर्ग' चक्रीवादळ धडकलं. इकडे दापोलीत पत्रे पतंगासारखे गेले. दोन-अडीच तासांत आजोबांनी लावलेलं आगर झोपलं. पोफळ म्हणजे काय पालेभाजी आहे? धरायला पाच-सात वर्षं लागतात हो, आणि तीही कोणीतरी रोज शिंपली तर! कित्येक दिवस वीज नाही, फोन नाही, मेणबत्तीच्या उजेडात बसलो होतो. त्या अंधारात काका काय म्हणाले असतील? "कावळ्याने घरटं खाली बांधलं होतं, मी तेव्हाच ओळखलं." अहो मग बोलायचं होतं ना! माझ्या आगरातल्या किती पोफळी राहिल्या, मोजा या. कावळा दिसतो, खात्याचं पत्रक दिसत नाही?

आणि हेच काका 2025 च्या जुलैत जपानमधल्या एका चित्रकथेचा निरोप सगळ्यांना पाठवत होते, 5 तारखेला त्सुनामी येणार म्हणून. त्यांनी लोणच्याच्या बरण्या माळ्यावर चढवल्या. 5 तारीख कोरडी गेली. 30 तारखेला रशियाच्या कामचाटकाजवळ 8.8 चा भूकंप झाला, तर म्हणे बघा, जवळपास बरोबर! पंचवीस दिवसांची चूक म्हणजे जवळपास? मग माझा विम्याचा हप्ता पंचवीस दिवस उशिरा भरतो, चालेल का विचारा.

आता उपरोध पुरे, मला कंटाळा आलाय. 3 जूनला मीही पत्रे बांधले नव्हते. पत्रक फोनवर आलं होतं, वाचलं होतं, पुढेही पाठवलं होतं, आणि नंतर फणस फोडायला बसलो. त्यामुळे शिव्या घालायच्या तर पहिली मला घाला. पण तुम्हीही ऐका. बोलायचं असेल तर आधी बोला, तोंडावर बोला. हा माड पडेल असं वाटत होतं तर गेल्या पावसात म्हणायचं, मी तोडून घेतला असता. साडेचारशे वर्षांपूर्वी मेलेल्या फ्रेंच माणसाचं तुम्हाला पाठ, आणि काल संध्याकाळी आलेला इशारा उघडूनही बघत नाही. लाज वाटत नाही? पडवीच्या भिंतीला कोळसा टेकवून ठेवलाय. कुठलं झाड, कुठला दिवस, लिहा. आणि येताना कोयता घेऊन या, माड अजून मांगरावरच आहे.