कमिटीत न जाता सोसायटी कशी चालवावी

डोंबिवलीत वन बीएचके घेतलात, वास्तुशांत झाली, दारावर पितळी पाटीही लागली. अभिनंदन! आता तुम्ही सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सभासद. म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० वाचण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणाची तरी, आणि तो धाब्यावर बसवला जातोय अशी तक्रार करण्याचा हक्क तुमचा. ही वाटणी पहिल्याच दिवशी मनाशी पक्की करून टाका.

मेंटेनन्सचं बिल आलं की लगेच भरू नका. लगेच भरणाऱ्याला कमिटी गृहीत धरते. बिलात दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (इमारत म्हातारी झाली की मोठ्या कामांसाठी साठवलेला पैसा) अशा दोन ओळी दिसतील. बांधकाम खर्चावर वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि ०.२५ टक्के, असा तो हिशेब असतो. (मला हे आकडे पाठ का आहेत, ते विचारू नका.) इमारत नवी असेल तर म्हणा, ‘नव्या इमारतीला कसली दुरुस्ती?’ जुनी असेल तर म्हणा, ‘रिडेव्हलपमेंटलाच जायचंय, आता कशाला दुरुस्ती?’ मधे एखाददुसरं वर्ष असं येतं की दोन्ही उत्तरं चालत नाहीत. त्या वर्षी मुलीचं लग्न काढावं. थकबाकीवर सालाना २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं असं सेक्रेटरीने दाखवलंच, तर ‘मी सोसायटीत राहतो की सावकाराच्या ओसरीवर?’ हे वाक्य जिन्यात, तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा बेताने टाकावं.

तळमजल्यावर राहत असाल तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. ‘लिफ्ट मी वापरतच नाही, मग पैसे का भरू?’ हा प्रश्न तुम्हाला जन्मभर पुरतो. लिफ्ट असलेल्या इमारतीत तिचा खर्च सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा, वापरा किंवा न वापरा, असं आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, स्पष्ट छापलेलं आहे. तरी दरवर्षी विचारावं. गच्चीवर कुरडया वाळत घालायला जाताना मात्र लिफ्टनेच जावं, परात जड असते.

आता गळती. सोसायटीत माणूस मुरतो तो इथे, आणि पाणीही.

समजा, तुमच्या बाथरूममधून खालच्यांच्या हॉलमध्ये पाणी उतरतंय. त्यांनी बेल वाजवली की आधी आश्चर्य वाटून घ्यावं. ‘आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे’ असं म्हणून त्यांना स्वतःचा हॉल दाखवावा. बाथरूम दाखवू नये. मग म्हणावं, ‘बाहेरच्या पाइपातून असेल.’ हे वाक्य साधं वाटतं, पण त्यात मोठा कायदा आहे. बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीच्या खर्चात जाते आणि घरातल्या न्हाणीघराची, सिंकची गळती ज्याची त्याने निस्तरायची असते. म्हणजे पाइप बाहेरचा ठरला की तुमचा खर्च सगळ्या बिल्डिंगवर गेला. खालचे प्लंबर आणतील, तो सांगेल वरून आहे. तुम्ही तुमचा प्लंबर आणा, तो सांगेल बाहेरून आहे. कमिटी तिसरा आणेल. त्याला तुम्ही घरात घेऊ नका, कारण त्या दिवशी तुमच्याकडे सत्यनारायण असतो. असे तीन पावसाळे काढले की खालच्यांच्या भिंतीचे पोपडे पडून पडून संपतात आणि ते बिचारे पॅनेलिंग करून घेतात. दोन वर्षांनी तुमच्या डोक्यावर, गच्चीच्या बाजूने, ओल येईल. गच्चीची गळती सोसायटीची, हा नियम तुम्हाला त्या क्षणी उपविधी न उघडता आठवेल, आणि चोवीस तासांत काम का झालं नाही, असं पत्र तुम्ही स्वतःच्या हाताने लिहाल.

पार्किंगवर फार वेळ घालवत नाही. स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं. ज्यांनी विकत घेतली त्यांनी हे ऐकलेलं नाही, आणि ज्यांना मिळाली नाही त्यांच्या फोनमध्ये निकालाची पीडीएफ आहे. तुम्ही कोणत्या बाजूचे ते तुमच्या गाडीवरून ठरेल.

नागरिक म्हणून मात्र कुठे कमी पडू नका. गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची सुरुवात आपल्या डोंबिवलीतून झाली, १९९९ साली. तेव्हा पाडव्याला फेटा बांधून फडके रोडवर उभं राहावं आणि शेजारच्याला सांगावं की या देशात सगळं आहे, फक्त माणसं पुढे येत नाहीत. लोकलच्या दारात उभं राहून रस्ते, पूल, रिक्षावाले आणि महापालिका यांचा समाचार घ्यावा. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार पाहत होता. लोकशाहीची ही थट्टा आहे, यावर दिवा स्टेशनापासून मुंब्र्यापर्यंत बोलता येतं. आपल्या सोसायटीत कमिटीच्या जागा रिकाम्या आहेत, हा विषय डब्यात काढायचा नसतो.

त्या जागा भरण्याची खटपट वार्षिक सभेत होते. ३० सप्टेंबरच्या आत ती घ्यावी लागते. नोटिशीवर सकाळी दहाची वेळ असते, तुम्ही साडेदहाला जावं. गणसंख्या म्हणजे दोनतृतीयांश सभासद किंवा वीस, यांतला कमी आकडा. तेवढीही माणसं दहाला येत नाहीत, म्हणून सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने तिथेच भरते. या अर्ध्या तासात सेक्रेटरी एकटाच खुर्च्या लावत असतो, त्यात हात घालू नये, सवय लागते. सामोसा आधी घ्यावा, मग हिशेब. लाखाच्या रंगकामावर काही बोलू नये, ते समजायला वेळ लागतो. ‘किरकोळ खर्च, तीनशे चाळीस रुपये’ ही ओळ पकडावी आणि त्यावर चाळीस मिनिटं काढावीत. सेक्रेटरीने वैतागून राजीनामा पुढे केला की सगळ्यांनी मिळून म्हणावं, ‘अहो, तुमच्याशिवाय कोण आहे?’

एकच गोष्ट सांभाळा. उशिरा जा, झोपा काढा, भांडा, पण गैरहजर राहू नका. २०१९ साली गणपती २ सप्टेंबरला आले. आम्ही सहकुटुंब गावी, कोकणात. सभा त्याच आठवड्यात होती, आणि सूचक, अनुमोदक, टाळ्या सगळं माझ्या पाठीमागे उरकलं होतं. परतलो तो दाराशी लोखंडी ट्रंक, त्यात बारा वर्षांच्या फायली, वर रबरी शिक्का आणि मीटर रूमची चावी. हातातली मोदकाची पिशवी खाली ठेवायच्या आत वरून हाक आली, ‘काका, बरं झालं आलात. दुसऱ्या मजल्यावरची ट्यूब गेलीय, आठवडा झाला.’