नोकियाच्या रडणाऱ्या सीईओंची गोष्ट

शाळेच्या निरोप समारंभापासून पतसंस्थेच्या प्रशिक्षण वर्गापर्यंत सांगली-मिरजेत एक गोष्ट हमखास ऐकवली जाते, आणि सकाळच्या सुविचारांबरोबर ती मोबाइलवरही फिरत असते. नोकिया मायक्रोसॉफ्टला विकल्याची घोषणा करताना नोकियाचे सीईओ म्हणाले, ‘आम्ही काहीच चूक केली नाही, तरी कसे कोण जाणे, आम्ही हरलो,’ आणि सहकाऱ्यांसह ढसाढसा रडले. तात्पर्य असे की नोकियाने नवे शिकायचे नाकारले, ती बदलली नाही, म्हणून संपली. ही गोष्ट ऐकायला बरी वाटते. तपासायला घेतली की तिचा एकेक टाका उसवत जातो.

आधी ते वाक्य. ३ सप्टेंबर २०१३ रोजी हा सौदा जाहीर झाला, त्याच दिवशी सीईओ स्टीफन एलॉप पदावरून बाजूला झाले आणि अध्यक्ष रिस्तो सिलास्मा यांनी हंगामी सूत्रे घेतली. एलॉप २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टमधूनच नोकियात आले होते, सौद्यानंतर तिकडेच परतणार होते, आणि निरोपादाखल त्यांना सुमारे १.८८ कोटी युरो मिळायचे होते. अशा माणसाने ढसाढसा रडावे, हे जरा अवघडच आहे. ‘काहीच चूक केली नाही’ हे तर त्यांच्या लेखी म्हणण्याच्या नेमके उलट आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांना पाठवलेले टिपण तेव्हाच फुटले आणि जगभर छापले गेले. आपण मागे पडलो, मोठे बदल आपल्या हातून निसटले, संकटात सापडलेल्या कंपनीच्या ‘पेटलेल्या मंचावर’ आपणच तेल ओतले, असा त्याचा सूर होता.

‘बदलली नाही’ हा आरोप अधिक गंभीर आहे, कारण तो अर्धवट खरा वाटतो. आयफोन २००७ मध्ये आला, आणि त्याच्या तोडीचा फोन नोकियाला वेळेत देता आला नाही, हे खरेच. परंतु ती हातावर हात ठेवून बसली होती असे मुळीच नाही. स्पर्शपटलाचा (टचस्क्रीनचा) ७७१० हा फोन तिने २००४ मध्येच जाहीर केला होता. २०१० मध्ये नेटवर्क व्यवसाय धरून तिने संशोधन-विकासावर पाच अब्ज युरोंहून अधिक खर्च केला; ॲपलचा त्या आर्थिक वर्षातील असा खर्च दोन अब्ज डॉलरांच्याही आत होता. त्याच वर्षी तिने सुमारे ४५ कोटी फोन विकले. अडचण होती ती दिशांची: फोन चालवणारी जुनी सिम्बियन ही प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) चालू ठेवायची, त्याच वेळी मीमो आणि मग इंटेलबरोबर मीगो या नव्या प्रणाली उभ्या करायच्या, अशी ओढाताण वर्षानुवर्षे चालली.

खरा घाव बसला तो बदलाच्या निर्णयानेच. ११ फेब्रुवारी २०११ रोजी नोकियाने जाहीर केले की यापुढे आपले स्मार्टफोन मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोन या प्रणालीवर चालतील. म्हणजे सिम्बियनचे दिवस भरले. पहिला विंडोज फोन मात्र जाहीर झाला त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेरीस. मधल्या आठ महिन्यांत सांगलीच्या मारुती रोडवरच्या एखाद्या मोबाइल दुकानदाराने काय करायचे होते? शोकेसमध्ये सिम्बियनचे महागडे सेट पडून, डिस्ट्रिब्युटरचे बिल डोक्यावर, आणि हा माल आता निकालात निघणार असे खुद्द कंपनीनेच सांगितलेले. २०१० च्या शेवटच्या तिमाहीत नोकियाचे २.८३ कोटी स्मार्टफोन खपले होते. २०११ च्या दुसऱ्या तिमाहीत ते १.६७ कोटींवर आले, आणि त्याच तिमाहीत २.०३ कोटी आयफोन विकून ॲपल पुढे गेली. २०१२ च्या सुरुवातीला सॅमसंगने एकूण फोनविक्रीतला पहिला क्रमांकही घेतला; १९९८ पासून तो नोकियाकडे होता.

‘नवे तंत्रज्ञान शिकली नाही’ हे स्पष्टीकरण आपल्याकडच्या बाजारपेठेला तर फारसे लागूच पडत नाही. रात्रीची लाईट आली की उसाला दारं धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात बॅटरीचा उजेड असलेला नोकिया ११०० हा फोन होता; खेड्याची गरज तेव्हा नोकियाला बरोबर कळली होती. पुढे जत किंवा मिरज-कागवाड पट्ट्यात लोकांना कर्नाटकाचे एक आणि महाराष्ट्राचे एक अशी दोन सिम लागू लागली, कारण हद्द ओलांडली की रोमिंग सुरू होई. मीडियाटेक या तैवानी कंपनीच्या तयार चिपमुळे असा फोन बनवणे कोणालाही शक्य झाले होते. मायक्रोमॅक्सने २००८ मध्ये महिनाभर टिकणाऱ्या बॅटरीचा फोन आणला, दोन सिमचे स्वस्त फोनही बाजारात आले, आणि नोकियाने आपला पहिला दोन सिमचा फोन जाहीर केला तो २०१० मध्ये. इथला वाटा गेला तो आयफोनमुळे नव्हे, तर ज्या साध्या गरजा ओळखण्यात ती तरबेज होती त्यांतच उशीर केल्यामुळे. या मुद्द्यावर तिला दोष द्यावाच लागेल.

उरले ‘संपली’. विकला गेला तो फोनचा व्यवसाय, पेटंटच्या परवान्यांसह ५.४४ अब्ज युरोंना, कंपनी नव्हे. मायक्रोसॉफ्टनेच २०१५ मध्ये त्यापोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत म्हणून लिहून टाकले. नोकियाने मात्र नेटवर्कच्या उपकरणांवर भर दिला, २०१६ मध्ये त्याच धंद्यातली अल्काटेल-ल्युसेंट ही कंपनी ताब्यात घेतली, आणि २०२२ मध्ये एअरटेल व जिओ या दोघांच्याही ५जी जाळ्याची कामे मिळवली. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा कारखाना तेवढा नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला, तोही करवादात मालमत्ता अडकून पडल्याने मायक्रोसॉफ्टकडे हस्तांतरित होऊ शकला नाही म्हणून. तिथल्या हजारो कामगारांचा रोजगार गेला; त्यांनी नवे शिकायला नकार दिला होता, असे त्या संदेशाच्या लेखकालाही म्हणता येणार नाही.