पाटी कुणी काढली?

ताई, तुमची प्रतिक्रिया येऊन चार दिवस झाले. लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण दोन परिच्छेद झाल्यावर लक्षात आलं की मी तुमचं म्हणणं ऐकतच नाहीये, नुसती माझी बाजू सावरतेय. ते सगळं पुसलं. आज पुन्हा बसलेय.

इतर वाचकांसाठी आधी थोडं सांगते. मागच्या महिन्यात मी 'हिडन फिगर्स' या २०१६ च्या सिनेमावर लिहिलं होतं. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या नासाच्या लँगली संशोधन केंद्रात काम करणाऱ्या कॅथरीन जॉन्सन, डोरोथी व्हॉन आणि मेरी जॅक्सन या तीन कृष्णवर्णीय बायकांची ही गोष्ट. तिघींची सुरुवात 'कॉम्प्युटर' म्हणून झाली. कॉम्प्युटर म्हणजे तेव्हा यंत्र नव्हे, आकडेमोड करणारी माणसं. मी टीका केली होती ती पहारीच्या प्रसंगावर. कॅथरीनला 'कलर्ड', म्हणजे कृष्णवर्णीय, बायकांच्या बाथरूमसाठी अर्धा मैल पळावं लागतं. एक दिवस ती पावसात चिंब भिजून परत येते, साहेब सगळ्यांसमोर विचारतो कुठे होतीस, आणि तिचा बांध फुटतो. मग तो साहेब, म्हणजे केव्हिन कॉस्टनरने रंगवलेला अल हॅरिसन, पहार घेऊन बाथरूमवरची पाटी घाव घालघालून खाली पाडतो. हा प्रसंग खोटा आहे आणि असा खोटेपणा निरुपद्रवी नसतो, असं मी लिहिलं होतं.

ताई शाळेत गणित शिकवतात. त्यांनी हा सिनेमा आठवीच्या मुलींना दाखवला. पाटी पडली तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि मधल्या सुट्टीत दोघीजणी विचारायला आल्या की हे कक्षेचं गणित आपल्याला कितवीत आहे. ताई म्हणतात, सिनेमाने एवढं केलं असेल तर पाटी कुणी काढली याचा कीस कशाला पाडायचा? ती निघाली हे महत्त्वाचं. शिवाय बाथरूमचा जाच मेरी जॅक्सनला खरोखर झाला होता, तो मी बनावट ठरवला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मतदानहक्काच्या लढ्यावरच्या 'सेल्मा' या सिनेमाला मी मोकळीक दिली, याला दिली नाही. आणि जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांना गोऱ्यांचे आभार मानताना अडचण वाटली नाही. मग मला गोऱ्यांचा एवढा राग का?

आधी माझी चूक. मेरी जॅक्सनबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, मी घाईत लिहिलं. मेरीला केंद्राच्या पूर्व भागात कामाला पाठवलं होतं. बाथरूम कुठे आहे असं तिने तिथल्या गोऱ्या बायकांना विचारलं, तर त्या हसल्या. 'तुमचं' बाथरूम कुठे आहे ते आम्हाला काय ठाऊक, असा सूर. ती संतापाने धुमसत परत निघाली, आणि वाटेत काझिमिर्झ चार्नेकी या गोऱ्या इंजिनिअरसमोर तिच्या रागाला तोंड फुटलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, माझ्याकडे कामाला ये. पुढे त्यानेच तिला इंजिनिअर होण्यासाठी शिकायला लावलं. रात्रीचे वर्ग होते ते गोऱ्यांच्या शाळेच्या इमारतीत. तिथे बसण्यासाठी मेरीने हॅम्प्टन शहराकडे अर्ज केला, परवानगी मिळवली आणि १९५८ साली ती नासाची पहिली कृष्णवर्णीय स्त्री इंजिनिअर झाली. मूळ लेखातली ती दोन वाक्यं मी आज सकाळी बदलली आहेत.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं बघा. गोऱ्यांचा राग असता तर चार्नेकीबद्दल एवढ्या आपुलकीने कशाला लिहिलं असतं? तो खरा माणूस आहे आणि त्याने केलं तेही खरं आहे. ऐकून घेतलं, स्वतःच्या हाताखाली काम दिलं, पुढे शिकायला लावलं. पण या कशाचाही आवाज होत नाही. पडद्यावर ते दाखवणं अवघड. पहारीचा आवाज होतो.

कॅथरीनचं प्रत्यक्षात काय झालं, तेही सांगते. ती १९५३ साली लँगलीत आली आणि ज्या बाथरूमवर काहीच लिहिलेलं नव्हतं तिथे जाऊ लागली. ते फक्त गोऱ्या बायकांसाठी आहे असं तिच्या डोक्यातच नव्हतं. पुढे कधीतरी कुणीतरी कुरकुर केली, तिने लक्ष दिलं नाही, जात राहिली. म्हणजे पाटी फोडणारा साहेब नव्हताच, आणि कॅथरीनला त्याची गरजही पडली नाही. अल हॅरिसन हे पात्रच मुळी दोनतीन माणसं एकत्र करून घडवलेलं आहे. शिवाय सिनेमाचा काळ १९६१ चा. कृष्णवर्णीय बायकांचा तो वेगळा 'वेस्ट कॉम्प्युटिंग' विभाग १९५८ मध्येच बंद झाला होता, एका कार्यालयीन पत्रकाने, 'नाका' (NACA) या आधीच्या संस्थेची नासा होत असताना.

माझ्या लेखात एक गोष्ट राहून गेली होती, आणि ती आधी सांगितली असती तर कदाचित आपला वाद झालाच नसता. लँगलीत एक पाटी खरोखर काढली गेली होती. कुणी काढली, त्या बाईचं नावही ठाऊक आहे.

मिरियम मान. १९४३ साली, म्हणजे कॅथरीनच्या दहा वर्षं आधी, ती तिथे कॉम्प्युटर म्हणून रुजू झाली. कॅन्टीनमध्ये मागच्या बाजूला एक टेबल होतं, त्यावर पुठ्ठ्याची एक छोटी पाटी उभी केलेली असायची: 'कलर्ड कॉम्प्युटर्स'. दिवसभर बाकीच्यांसारखीच समीकरणं सोडवायची आणि जेवायला मात्र या पुठ्ठ्यामागे बसायचं. एक दिवस मिरियमने ती पाटी उचलली आणि पर्समध्ये टाकली. काही दिवसांनी नवी पाटी आली. तीही पर्समध्ये गेली. पुन्हा नवी आली. पुन्हा पर्स. तुझी नोकरी जाईल, असं नवरा काळजीने सांगायचा. घालवायची असेल तर घालवू देत, हे तिचं उत्तर. आणि एक दिवस असा आला की पाटी परत आलीच नाही. मार्गॉट ली शेटर्लीच्या ज्या पुस्तकावरून सिनेमा काढला, त्यातच हे सगळं आहे.

ताई, आता हे दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. पुस्तकात एक बुटकीशी बाई नोकरी पणाला लावून, गाजावाजा न करता, पुन्हा पुन्हा पाटी पळवते. सिनेमात उंचापुरा गोरा साहेब, ज्याची नोकरी जाण्याची सुतराम शक्यता नाही, एकदाच पाटी फोडतो, आणि बायका कॉरिडॉरमध्ये उभ्या राहून बघतात. सिनेमावाल्यांच्या हातात पहिला प्रसंग आयता होता. त्यांनी दुसरा बनवला. तुमच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या त्या हॅरिसनसाठी. मिरियमसाठी त्या वाजवूच शकल्या नसत्या, कारण तिची त्यांच्याशी भेटच कुणी घालून दिली नाही. मीही थिएटरात टाळ्या वाजवल्या होत्या. पुस्तक वाचून झालं त्या रात्री मला त्या टाळ्या आठवल्या आणि फसवलं गेल्यासारखं वाटलं.

तुम्ही म्हणता, पाटी निघाली हे महत्त्वाचं. दिग्दर्शक थिओडोर मेल्फी यांना एका मुलाखतीत नेमकं हेच विचारलं गेलं होतं आणि त्यांचं उत्तर अगदी तुमच्यासारखंच होतं: योग्य ते घडलं ना, मग ते कोण करतं याने काय फरक पडतो. मला वाटतं खूप फरक पडतो. ज्या माणसांच्या इतिहासात त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं गेलं, घर, नाव, मजुरी, मत, त्यांच्याकडे जे उरलं ते त्यांनी स्वतः केलेलं. तेवढंही पडद्यावर दुसऱ्याच्या नावावर चढलं तर त्यांच्या वाट्याला काय राहतं? नुसता छळ, आणि कुणीतरी भला माणूस येईल याची वाट बघणं.

आणि हे एकाच दृश्यापुरतं असतं तर मी सोडून दिलं असतं. सिनेमाच्या शेवटी, जॉन ग्लेन या अंतराळवीराच्या उड्डाणाच्या वेळी, कंट्रोल रूमचं दार कॅथरीनच्या तोंडावर बंद होतं आणि हॅरिसन येऊन तिला आत घेतो. प्रत्यक्षात ते उड्डाण तिने आपल्या ऑफिसात बसून टीव्हीवर पाहिला. खरं दार तिने त्याच्या आधीच उघडून घेतलं होतं. इंजिनिअरांच्या बैठकांना बायका जात नसत. तिने विचारलं, तसा कायदा आहे का? कायदा नव्हता. ती विचारत राहिली, विचारत राहिली, शेवटी त्यांनाच कंटाळा आला आणि तिला बसू दिलं. १९६० साली एका संशोधन अहवालावर सहलेखिका म्हणून तिचं नाव छापून आलं, त्या विभागात एका बाईचं असं नाव पहिल्यांदाच लागत होतं. आणि ग्लेनने उड्डाणाआधी यंत्राने काढलेले आकडे तिच्याकडून तपासून मागितले ते खरंच घडलंय, फक्त सिनेमात ते काही मिनिटांत उरकतं. तिला दीड दिवस लागला होता. टेबलावरच्या गणनयंत्रावर एकेक आकडा, आठ आठ सार्थ अंकांपर्यंत. तुम्ही गणिताच्या आहात, तुम्हाला त्या दीड दिवसाचं मोल माझ्यापेक्षा जास्त कळेल. मला तर तो दीड दिवसच बघायचा होता.

मुळात या बायकांना लँगलीचं दार कशामुळे उघडलं? युद्धासाठी माणसं हवी होती हे आहेच. पण त्याआधी ए. फिलिप रँडॉल्फ या कृष्णवर्णीय कामगार पुढाऱ्याने, रेल्वेच्या स्लीपर डब्यांतल्या पोर्टरांची संघटना उभी करणाऱ्या माणसाने, वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला होता. त्या दबावाखाली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने १९४१ साली आदेश काढून युद्धसामग्रीच्या उद्योगांतला आणि सरकारी नोकऱ्यांतला वंशभेद बंद करायला सांगितलं. दोन वर्षांनी डोरोथी व्हॉन फार्मव्हिलच्या शाळेतली शिक्षिकेची नोकरी सोडून लँगलीत आली. शिक्षिका, हो, गणिताची. हे वाचताना मला तुमची आठवण झाली.

'सेल्मा'बद्दल तुमचा मुद्दा निम्मा मान्य. तिथे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन होता त्यापेक्षा जास्त अडवणूक करणारा दाखवलाय, यावर तेव्हाही आक्षेप आले होते आणि मी ते माझ्या लेखात नोंदवायला हवे होते. तीच फूटपट्टी दोन्हीकडे लावायला हवी. पण किंगच्या भाषणांचं म्हणाल तर ती बदलणं ही दिग्दर्शिका एव्हा डुव्हर्ने यांची हौस नव्हती. त्या भाषणांचे सिनेमासाठीचे हक्क आधीच दुसरीकडे दिलेले होते, म्हणून त्यांनी नवीन भाषणं लिहिली. आणि मला तो सिनेमा का भावला तेही सांगते. सुरुवातीलाच ॲनी ली कूपर मतदार म्हणून नाव नोंदवायला जाते. कारकून तिला संविधानाची प्रस्तावना म्हणायला लावतो. ती म्हणू लागते. अलाबामात काउंटी न्यायाधीश किती? सदुसष्ट, ती सांगते. नावं सांग, तो म्हणतो. सदुसष्टच्या सदुसष्ट. ती गप्प होते आणि अर्जावर नकाराचा शिक्का बसतो. त्या खोलीत तिच्या बाजूने उठणारं कुणी नाही. आपल्याला तिच्याबरोबर तिथे उभं राहावं लागतं, सुटका नाही. मग पुढे पुलावरून चालत जाणारी माणसं दिसतात तेव्हा ती का चालताहेत हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आता जोतीराव. तुम्ही हा दाखला दिलात तेव्हा खरं सांगते, मी चपापले. १८७३ सालची ती अर्पणपत्रिका मीही किती वेळा वाचलीय. अमेरिकेतल्या लोकांनी गुलामांना मोकळं करताना दाखवलेल्या औदार्याबद्दल जोतीराव त्यांचा सन्मान करतात आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा धरतात. ही कृतज्ञता खरी आहे आणि मोठ्या मनाची आहे. पण ती घडलेल्या गोष्टीबद्दल आहे ना? इंग्रज सरकारने १८५२ साली विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा सत्कार केला. सिनेमात तो दाखवला तर मी आनंदाने बघेन. पण समजा उद्या कुणी सावित्रीबाईंवर सिनेमा काढला. ती शाळेला निघालीय, लोक शेण फेकताहेत, आणि तेवढ्यात घोड्यावरून एक गोरा कलेक्टर येतो, चाबूक उगारतो, लोक पांगतात, सावित्रीबाई बाजूला उभी राहून कृतज्ञतेने बघतेय. थिएटरात टाळ्या. ताई, तुम्ही वाजवाल? पिशवीत दुसरं लुगडं घेऊन निघणारी ती बाई आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ते लुगडं कुणी आपल्या हातून काढून घेतलं तर आपल्याला किती लागेल! मिरियम मानची पर्स म्हणजे तिकडचं ते लुगडं आहे.

सिनेमा मुलींना दाखवू नका असं मी म्हणत नाही, आधीही म्हटलं नव्हतं. कक्षेचं गणित विचारायला आलेल्या त्या दोघी मला फार आवडल्या. पुढच्या वर्षी नव्या आठवीला दाखवाल तेव्हा एवढं कराल का? पहारीचा प्रसंग झाला की पाच मिनिटं सिनेमा थांबवा आणि त्यांना कॅन्टीनमधल्या टेबलाची गोष्ट सांगा. मग विचारा, यातला कोणता प्रसंग तू सिनेमात घेतला असतास. त्या काय म्हणाल्या ते मला नक्की कळवा, मी वाट बघतेय.