डब्यातली पूड

‘तिकडची राख म्हणजे यंत्रात दळलेली पूड. त्यात माणूस कुठे?’ इथे परदेशात वारलेल्या दादाला घेऊन येतोय असं घरच्या ग्रुपवर कळवलं, त्यावर चुलतभावाचं हे उत्तर. आठवडा झाला, डोक्यातून जात नाही.

अरे, त्या डब्यात माणसाशिवाय आहे काय? भट्टीत ८००-९०० अंशांना पाण्याची वाफ होते; मांस, चरबी, केस यांतला कार्बन आणि नायट्रोजन धुराड्यातून निघून जातो. मागे उरतात ती हाडं, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट, जोडीला थोडं सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम. पेसमेकर आधीच काढतात, लोखंडी स्क्रू चुंबकाने वेचतात, मग हाडं क्रेम्युलेटरमध्ये, म्हणजे ती दळणाऱ्या यंत्रात जातात. मी डबा उघडून पाहिला. वर नंबराची चकती, खाली फिकट करडी, वाळूसारखी खरखरीत पूड. बोटाला राखेचा मऊपणा लागतच नाही. चितेच्या राखेत मोठा वाटा लाकडाचा असतो, चुना आणि पोटॅश. मग माणूस कशात जास्त?

हाच भाऊ मागे सांगत होता, राख झाडाला घाला, उत्तम खत. त्यात नायट्रोजन औषधालाही नाही, आणि सामू (pH) ११ च्या वर, म्हणजे फारच अल्कधर्मी. कोवळी मुळं जळतील.

एवढं सगळं त्याला लिहिलं. एक गोष्ट मात्र लिहिली नाही.

हाडात कॅल्शियमच्या जागी त्याच्यासारखंच एक मूलद्रव्य, स्ट्रॉन्शियम, थोडं बसतं, खाण्यापिण्यातून, पर्यायाने तिथल्या खडकामातीतून आलेलं. त्याच्या समस्थानिकांचं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाण जागेगणिक वेगळं असतं आणि ते आगीतही पुसलं जात नाही. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळात पुरलेल्या २५ जणांच्या जळक्या हाडांवरून २०१८ मध्ये कळलं, की किमान १० जण त्या परिसरातले नव्हते. हाडं आयुष्यभर झिजतात, नव्याने भरतात. दादा ३१ वर्षं इथे होता. म्हणजे डब्यातली पूड बहुतेक इथल्याच पाण्याची. आणि माझीही हाडं एव्हाना तशीच झाली असणार. हे भावाला कोणत्या तोंडाने सांगू?

फक्त अंतर्कर्णाभोवतीचं कठीण हाड बाळपणीच घडतं आणि पुढे जवळजवळ बदलत नाही. भट्टीतूनही ते बऱ्याचदा शाबूत निघतं. दादाचं तेवढं तरी घरचं होतं. ते यंत्रात दळलं गेलं, बाकीच्यात मिसळलं. आता वेगळं काढता येणार नाही. म्हणून आख्खा डबा घेऊन येतोय, चिमूटभरसुद्धा इथे न ठेवता.